ओआरएम आहे ना, मग डेटाबेस कधीही बदलू!

'सेटिंगमधली एक ओळ तर बदलायची!' सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मीटिंगमध्ये ओआरएमचा, म्हणजे ऑब्जेक्ट आणि टेबलं यांची सांगड घालणाऱ्या लायब्ररीचा विषय निघाला की हे वाक्य हमखास येतं. बहुतेकदा ज्याने असा बदल एकदाही केलेला नसतो, त्याच्याच तोंडून.

हायबरनेट, जँगो, एसक्यूएलअल्केमी या लायब्ररी प्रत्येक डेटाबेससाठी वेगळा डायलेक्ट किंवा बॅकएंड ठेवतात, हे खरं. पहिल्या दहाच नोंदी हव्या असतील तर पोस्टग्रेसला 'लिमिट' लागतं, एसक्यूएल सर्व्हरला 'टॉप' चालतं आणि जुन्या ओरॅकलमध्ये 'रोनम'ची कसरत करावी लागे. असले फरक लायब्ररी बिनबोभाट मिटवते. पण हे झालं क्वेरीच्या व्याकरणाचं. डेटाबेसच्या स्वभावाचं काय?

ओरॅकलला रिकामी स्ट्रिंग आणि नल एकच वाटतात. म्हणून जँगो तिथे मजकुराच्या कॉलममध्ये नल चालू देतो आणि वाचताना त्याची गुपचूप रिकामी स्ट्रिंग करतो. हे त्याच्या दस्तऐवजातच नमूद आहे. थोडक्यात, नल आणि रिकामी स्ट्रिंग यांत फरक मानणारा कोड ओरॅकलवर गंडतो.

मायएसक्यूएलची तऱ्हा और. तिथलं नेहमीचं कोलेशन, म्हणजे अक्षरांच्या तुलनेचे नियम, कॅपिटल-स्मॉल अक्षरांत भेद करत नाही. ईमेलच्या कॉलमवर युनिकची अट असेल, तर त्याच पत्त्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करून केलेली दुसरी नोंद ते नाकारतं; पोस्टग्रेस ती निमूट घेतं. कोड तोच, लायब्ररी तीच, पण एकीकडे एक ग्राहक आणि दुसरीकडे दोन.

देवनागरीचा हिशेब तर आणखी निराळा. 'कोल्हापूर' या शब्दात युनिकोडचे 9 संकेत, यूटीएफ-8 मध्ये 27 बाइट. पोस्टग्रेसच्या 20 अक्षरांच्या कॉलममध्ये तो आरामात बसतो. ओरॅकलमध्ये 'व्हारचार2' पुढे नुसतं 20 लिहिलं, तर ते सहसा बाइट धरले जातात आणि कोल्हापूर बाहेर राहतं! हायबरनेटने स्वतः टेबल बनवलं तर लांबी अक्षरांत मोजावी म्हणून 'चार' (CHAR) हा शब्द तो न विसरता जोडतो. डीबीएने, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याने, हाताने बनवलेल्या टेबलाला मात्र हायबरनेट काय करणार?

'टेस्ट एसक्यूलाइटवर चालवल्या की पुरे' हाही असाच भ्रम: दहा अक्षरांच्या कॉलममध्ये ते शंभर अक्षरंही घेतं. 'मायग्रेशन फसलं तर आपोआप मागे येतं', हे पोस्टग्रेसवर खरं. मायएसक्यूएलवर अर्धवट बदल हाताने निस्तरावे लागतात. 'एसक्यूएलला 1986 पासून प्रमाणित रूप आहे', म्हणून सगळे सारखे? नल असलेल्या नोंदी चढत्या क्रमात आधी की शेवटी, यावरही यांचं एकमत नाही: मायएसक्यूएल त्या आधी देतं, पोस्टग्रेस शेवटी.

तेव्हा ग्राहकाला 'आमचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस आणि ओरॅकल या दोन्ही डेटाबेसवर चालतं' असं सांगण्याआधी सगळ्या टेस्ट खरोखर दोन्हींवर चालवा, आणि त्यातल्या निदान एका टेस्टमध्ये देवनागरी नाव घाला.