परसातल्या विषाला ‘औषध’ म्हणणे सोडू या

पावसाचे चार शिंतोडे पडले की आपल्या वस्त्यांत दाराशी, परसात, गॅलरीत काही ना काही लावले जाते. दोडक्याचा वेल, वांग्याची चार रोपे, मिरची, भेंडी, कोपऱ्यात शेवगा. जागा वीतभर असली तरी ताटात ताजी भाजी येते, हे चांगलेच आहे. पण ही छोटी बाग घरच्या माणसांना आणि भोवतालच्या माती-पाण्याला अपाय न करता कशी वाढवायची, यावर आज बोलायचे आहे. सुरुवात एका अनुभवापासून करतो.

आम्ही रुग्णालयात परिचारिका होतो तेव्हाची गोष्ट. संध्याकाळच्या ड्युटीत एका आईने पाच-सहा वर्षांच्या मुलाला कडेवर आणले. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामाने भिजलेले, श्वासाला घरघर. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. फवारणीच्या हंगामात असे रुग्ण इतके पाहिले होते की काय झाले ते कळायला वेळ लागला नाही. काय खाल्ले विचारले, तर आई म्हणाली, “काही नाही हो सिस्टर, परसातल्या दोन कवळ्या भेंड्या खाल्ल्या.” भेंडीवर मावा पडला म्हणून वडिलांनी सकाळीच फवारा मारला होता. ते मालकाच्या कपाशीवर फवारणीला जायचे. बाटलीच्या तळाला उरलेले त्यांनी घरी आणले होते. किती पाण्यात किती घालायचे, याचे मोजमाप नव्हते.

ॲट्रोपिनची इंजेक्शने सुरू झाली. सगळ्यांनी रात्र जागून काढली. मूल वाचले. तिसऱ्या दिवशी आईने हळूच विचारले, “सिस्टर, पण ते औषधच होतं ना?”

त्या माउलीचे काय चुकले? आपल्या बोलण्यात तापाची गोळी औषध आणि पिकावर मारतो तेही औषध. शब्द ओळखीचा असला की भीती जाते. मग ती बाटली तेलामिठाच्या शेजारी फळीवर बसते. नोकरी सोडून आम्ही वस्त्यांत आरोग्याचे काम करू लागलो, तेव्हापासून बैठकीत पहिले हेच सांगतो : ते विष आहे, त्याला विषच म्हणा.

किडा मरतो त्याच वाटेने माणूस

पिकांवरची बरीच कीटकनाशके ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली असतात. ती किड्याच्या मज्जासंस्थेचे काम बंद पाडतात. माणसाची मज्जासंस्थाही त्याच पद्धतीने चालते, म्हणून हे विष माणसालाही मारते. ते पोटातूनच जाते असे नाही, कातडीतून आणि श्वासातूनही जाते.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले. 2013 साली बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतले जेवण जेवून 23 मुले गेली. त्या स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक निघाले. भाजीपाल्यावर ते वापरायला आपल्या देशात 2005 सालापासून बंदी आहे. शेतातली उरलेली बाटली परसात आणली की ही बंदी आपल्याच हाताने मोडली जाऊ शकते.

बाटलीवर एक रंगीत चौकोन असतो. लाल म्हणजे अतिविषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. वाचता येत नसले तरी रंग दिसतो. पण हिरव्या रंगाचेही विषच असते, हे विसरू नका.

म्हणून पहिले काम बाटली घराबाहेर काढण्याचे. ज्याच्या शेतातली आहे त्याला परत द्या. नाली, विहीर, ओढा यांत ओतू नका, ते फिरून आपल्याच पाण्यात येते. रिकाम्या बाटलीत किंवा डब्यात तेल, रॉकेल, पाणी, बियाणे काहीही भरू नका, त्यात रोपही लावू नका. कितीही धुतले तरी भरवसा नाही. जाळूही नका, धूर विषारी असतो.

माती धड तर रोप धड

रोपाला कीड लागते त्याचे एक कारण हलकी, उपाशी माती. ती आपल्या घरच्या कचऱ्यातून सुधारते. जुन्या बादलीला किंवा पिंपाला खाली आणि बाजूला भोके पाडा. तळाशी वाळलेला पाला टाका. त्यावर भाजीची देठे, साली, चहाचा चोथा, आणि प्रत्येक वेळी वरून पुन्हा पाल्याचा थर. ओल पिळलेल्या फडक्याइतकीच हवी. वास येऊ लागला तर पाणी जास्त झाले असे समजा, कोरडा पाला वाढवा. आठवड्यातून एकदा खालवर करा. दोन-तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार होते. शिजवलेले अन्न आणि मांस-मासळी टाकू नका, उंदीर-घुशी येतात. पाला जाळण्याची सवय सोडली की दम्याच्या माणसालाही आराम पडतो.

उरलेला पाला रोपांच्या बुडाशी पसरा. ओल टिकते, तण कमी येते. मात्र भिंतीला लागून पाल्याचे ढीग नकोत. पावसाळ्यात त्यात साप-विंचू बसतात. हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पाहा. मातीत काम करताना जखम झाली, तर साबणाने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखान्यात जा. ताजे शेण भाजीला घालू नका, कुजलेलेच घाला.

मग किडीचे काय करायचे?

चार-दहा रोपांना फवाऱ्याची गरज क्वचितच पडते. सकाळी पानांच्या मागची बाजू पाहा. मावा दिसला तर पाण्याच्या धारेने किंवा ओल्या फडक्याने पुसून काढा. अळ्या वेचा. फार किडलेला शेंडा खुडून टाका. पिवळ्या पत्र्याला एरंडेल तेल फासून टांगले, की पांढरी माशी त्याला चिकटते. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा दिसला तर मारू नका. तो आणि त्याच्या अळ्या मावा खातात. विष फवारले की आधी हेच मित्र मरतात आणि मावा पुन्हा दुपटीने येतो.

एवढ्याने भागले नाही तर निंबोळी अर्क करा. पन्नास ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, चिमूटभर साबणचुरा घाला आणि ऊन उतरल्यावर फवारा. पण घरचे आहे म्हणून निर्धोक आहे असे मानू नका. कडुनिंबाचे तेल लहान मुलाच्या पोटात गेले तर झटके येऊ शकतात, तेही मुलांच्या हाताला लागू देऊ नका. तंबाखूचे पाणी तर मारूच नका. तंबाखूतले निकोटिन कातडीतूनही अंगात भिनते. उंदीर मारायची पेस्ट परसात ठेवू नका. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टवर उतारा नाही.

पाणी वाया नको, साचायलाही नको

तांदूळ, डाळ, भाजी धुतलेले पाणी रोपांना घाला. मोरीचे साबणाचे पाणी केळ, अळू, कर्दळीकडे वळवा, मेथी-पालकाला नको. कुंडीखालच्या ताटल्या, फुटके डबे, टायर यांत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा. नुसते पाणी ओतून भागत नाही, ताटली आतून घासा. अंडी भांड्याला चिकटून कोरडीही जिवंत राहतात.

विषबाधा झालीच तर

- माणसाला फवाऱ्याच्या जागेपासून मोकळ्या हवेत आणा.
- विष लागलेले कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा. धुणाऱ्याने हातांत प्लॅस्टिकच्या पिशव्या घालाव्यात.
- उलटी करवू नका. दूध, मीठपाणी, तूप काही पाजू नका.
- बेशुद्ध असेल तर कुशीवर झोपवा.
- 108 ला फोन करा आणि बाटली सोबत न्या. कोणते विष ते डॉक्टरांना कळले तर उपचार लवकर होतात.
- बरे वाटले म्हणून लगेच घरी आणू नका. त्रास पुन्हा उलटू शकतो.

आपल्यापैकी कितीतरी जण आजही दुसऱ्याच्या शेतात रोजाने फवारणी करतात. तिथे मास्क, हातमोजे मागणे हा त्यांचा हक्क आहे आणि तो मागितलाच पाहिजे. पण आपल्या परसात मालक आपणच. तिथे काय शिरू द्यायचे, हे आपणच ठरवायचे.

हा अंक हाती पडेल त्या दिवशी एवढे करा. फळी, माळा, न्हाणीचा कोपरा, गोठा पाहा. विषाची बाटली सापडली तर मुलांना तिच्यावरचा रंग दाखवा, आणि ते औषध नाही, विष आहे हे त्याच शब्दांत सांगा. मग ती घराबाहेर काढा. मुलांनी परसातली कवळी भेंडी तोडून बिनधास्त खावी, एवढी आपली बाग निर्मळ असली पाहिजे.