घरातले तळे: आधी पाणी, मग मासे

काचेच्या पेटीतले मासे बाजूने दिसतात, तळ्यातले वरून. एवढ्या एका फरकाने खर्चाचा हिशेब बदलतो. काच लागत नाही. पाणी धरणारे, तोंडाला रुंद असे भांडे पुरते. शंभर-दीडशे लिटरचा प्लास्टिकचा टब हे सर्वांत स्वस्त तळे. माळ्यावरचे तांब्या-पितळेचे घंगाळ उतरवून त्यात मासे सोडण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. ते दिसते झकास, पण त्यातले तांबे पाण्यात उतरते आणि माशांना ते विषच.

तळे मोठे हवे असल्यास विटांचा चौकोन रचून आत शेततळ्याला अंथरतात तो ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद घालता येतो. आतून चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि फूटभर पाण्याच्या तळ्याला सव्वा फूट उंचीची भिंत लागते. आठ बाय सात फुटांचा कागद घेतला की तो भिंतीच्या माथ्यावरही दुमडता येतो. सिमेंटची गरज नाही, पण रचाई नऊ इंची हवी. चार इंची भिंत पाण्याच्या रेट्याने फुगते. कागदाखाली जुनी चादर किंवा गोणपाट अंथरले की विटांच्या कडा कागदाला टोचत नाहीत.

वजनाचा विचार बहुतेकांना पाणी भरल्यावर सुचतो. या तळ्यात सुमारे ३४० लिटर, म्हणजे ३४० किलो पाणी मावते, आणि भोवतीच्या अडीचशेच्या आसपास विटांचे वजन त्याच्या दुप्पट भरते. भारतीय मानकानुसार निवासी खोलीचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखतात. नुसत्या फूटभर पाण्याचाच भार चौरस मीटरला ३०० किलो होतो. म्हणून विटांचे तळे तळमजल्यावर, जमिनीवरच करावे. वरच्या मजल्यावर टब, तोही खोलीच्या मध्यावर न ठेवता भिंतीलगत, खाली तुळई असेल तिथे.

पाणी खेळते ठेवायला कूलरचा १८ वॅटचा पंप पुरतो. तो अहोरात्र चालला तरी महिन्याला सुमारे १३ युनिट वीज जाते. काठावर एक बादली ठेवून तिच्या बुडाशी भोके पाडायची, आत स्पंज आणि विटांचे तुकडे भरायचे. पंपाने पाणी बादलीत चढते आणि गाळून परत तळ्यात पडते. पंपाच्या तोंडाला जाळी किंवा स्पंज बांधला नाही तर पिल्ले आत ओढली जातात. कूलरच्या पाण्यातून विजेचा धक्का बसल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात, तेव्हा इथे काटकसर नको: जोडणी ईएलसीबीवरून, म्हणजे गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचवरून घ्यावी आणि पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढावा.

आता खरा मुद्दा. नळाच्या पाण्यातले क्लोरीन उघड्यावर एक दिवस ठेवल्याने बहुतांशी उडून जाते. घाई असेल तर दुकानातले अँटीक्लोरीनचे थेंब असतात. पण क्लोरीन गेले म्हणजे पाणी तयार झाले असे नव्हे. माशांच्या विष्ठेतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ माशांना घातक, तिसरा बराच निरुपद्रवी. हे जिवाणू स्पंजात आणि विटांच्या छिद्रांत वसायला चार ते सहा आठवडे घेतात. तोवर पंप चालू ठेवून रोज चिमूटभर माशांचे खाद्य पाण्यात टाकायचे, मासे नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी दुधाळ होते, आणि नेमके इथेच लोक घाबरून सगळे ओतून देतात व पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. ते दुधाळपण आपोआप निवळते. ओळखीच्या कुणाच्या चालू टाकीतला मळका स्पंज मिळाला तर वाट पाहणे निम्म्यावर येऊ शकते. स्पंज पुढे कधीही नळाखाली धुऊ नये, तळ्यातून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नाहीतर क्लोरीनने ते जिवाणू मरतात.

नायट्रेट कमी करायला मनीप्लँट कामाचा. मुळे पाण्यात आणि पाने बाहेर सोडली की घरातल्या मंद उजेडातही तो वाढतो. खिडकीशी ऊन येत असेल तर ब्राह्मीही लागते. कमळाचा नाद सोडलेला बरा. पाच-सहा तास ऊन नसेल तर कळी धरत नाही.

मासे निवडताना वरून काय दिसेल ते पाहावे. लाल प्लॅटी, सोनेरी मोली काळ्या कागदावर उठून दिसतात. गप्पीच्या शेपटीचा पिसारा वरून फारसा कळत नाही, तरी दोन-चार गप्पी हवेतच: डेंगीचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि गप्पी त्याच्या अळ्या फस्त करतात. कोई दोन फुटांपर्यंत वाढतो, गोल्डफिश घाण फार करतो. छोट्या तळ्याला दोन्ही नकोत. सुरुवातीला पाच-सहाच मासे, आणि पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून मगच सोडावेत. खाद्य दोन मिनिटांत संपेल इतकेच. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे; काढलेले पाणी कुंड्यांना उत्तम खत. वरून जाळी हवी, मांजरासाठी आणि त्याहून जास्त रांगत्या मुलासाठी, कारण लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकते.

गप्पीची मादी साधारण महिन्याला वीस-तीस पिल्ले देते, त्यामुळे वर्षाच्या आत मासे वाटायची वेळ येते. ते शेजाऱ्यांना किंवा दुकानदाराला द्यावेत, ओढ्यात वा नदीत सोडू नयेत: गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि उघड्या पाण्यात तो देशी माशांच्या वाट्यावर हात मारतो.