आमवात ओळखताना कोणती रक्ततपासणी काय सांगते?



पाड्यांवरून सांधेदुखीचे रुग्ण येतात, तेव्हा पुष्कळांच्या हातात बाहेरच्या लॅबचा ‘आरए पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट असतो. “सिस्टर, आता जन्मभर गोळ्या खायच्या का?” असे ते विचारतात. मी सांगते, एका रिपोर्टवर आमवात ठरत नाही.

आरए फॅक्टर ही जुनी, स्वस्त तपासणी. आमवाताच्या १०० रुग्णांपैकी सुमारे ७० जणांत ती पॉझिटिव्ह येते. बाकीच्यांना आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह! उलट क्षयरोग, कुष्ठरोग, हिपॅटायटिस सी अशा आजारांत, आणि काही निरोगी म्हाताऱ्या माणसांतही, ती पॉझिटिव्ह येऊ शकते. आपल्या भागात हे महत्त्वाचे आहे. क्षयाच्या रुग्णाला आमवात समजून स्टेरॉइड दिले, तर क्षय बळावतो.

अँटी-सीसीपी ही नवी, महाग तपासणी. तीही साधारण तेवढेच रुग्ण पकडते. पण फसवते कमी. आमवात नसलेल्या १०० जणांपैकी आरए फॅक्टर सुमारे १५ जणांत पॉझिटिव्ह येतो, अँटी-सीसीपी सुमारे ५ जणांत. क्षयाच्या काही रुग्णांत मात्र तीही पॉझिटिव्ह येते.

ईएसआर आणि सीआरपी अंगात दाह आहे का ते सांगतात, तो कशामुळे ते सांगत नाहीत. अंगात रक्त कमी असेल तर ईएसआर वाढतो. सिकलसेलच्या रुग्णात मात्र दाह असूनही तो कमी दिसू शकतो. म्हणून अशा रुग्णांत सीआरपी जास्त भरवशाचा.

२०१० साली अमेरिका व युरोपातील तज्ज्ञांनी आमवातासाठी १० गुणांची पद्धत ठरवली. ६ गुण झाले की आमवात धरतात. रक्ततपासण्यांना त्यात जास्तीत जास्त ४ गुण. कोणते व किती सांधे धरले आहेत याला ५, आणि दुखणे सहा आठवडे टिकले तर १. म्हणजे डॉक्टरांनी सांधे हाताने तपासणे सर्वांत मोलाचे.

तेव्हा दोन्ही हातांची बोटे, मनगटे सुजत असतील, सकाळी तासभर आखडत असतील, तर रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी दवाखान्यात या. खोकला, ताप, वजन घटणे, अंगावर बधिर चट्टा असेल, घरात कुणाला सिकलसेल असेल, तर तेही सांगा. औषध वेळेवर सुरू झाले, तर बोटे वाकडी होणे बहुतेकदा टळते.