सूर्यप्रकाशातील काळ्या रेषा

देवनहळ्ळीहून आग्नेयेस, होसकोट्याच्या आवारात, बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने जी दुर्बीण जुळविली आणि जी २ सप्टेंबर २०२३ रोजी ‘आदित्य-एल१’ यानातून श्रीहरिकोट्याहून अंतराळात गेली, ती सूर्याच्या प्रभामंडलातील ५३०.३ नॅनोमीटरच्या एका हिरव्या रेषेवरही नजर रोखून आहे. त्या रेषेचे मोल कळावयाचे, तर आधी काळ्या रेषांकडे वळले पाहिजे.

लोलकातून पसरलेल्या सूर्यप्रकाशात जर्मन शास्त्रज्ञ फ्राउनहोफरने १८१४ साली पाचशेंहून अधिक काळ्या रेषा मोजल्या. तेथे प्रकाश मुळीच नसतो असे नव्हे. शेजारच्या तेजापुढे तो मंद असतो, इतकेच. अणूतील इलेक्ट्रॉनांना ठरावीक पायऱ्यांवरच थारा असतो, आणि ज्या तरंगलांबीची ऊर्जा दोन पायऱ्यांतील अंतराशी तंतोतंत जुळते, तिला सूर्याचे वातावरण अपारदर्शक ठरते. त्यामुळे त्या रंगात आपली दृष्टी खोल न पोहोचता वरच्या थरापाशीच अडते, आणि दीप्तिगोलाच्या, म्हणजे सूर्याच्या दिसणाऱ्या थराच्या, तळाशी सुमारे ६,५०० केल्विन असलेले तापमान माथ्याशी ४,५०० च्या आसपास उतरत असल्याने, त्या थंड थराचा मंद उजेडच आपणांस काळी रेषा म्हणून दिसतो. रेषेच्या कडा खोलचा थर दाखवितात, तिचा गाभा वरचा. एकाच रेषेत निरनिराळ्या उंचींची हकिकत नोंदलेली असावी, हे मला तिच्या अस्तित्वाहूनही विलक्षण वाटते.

मात्र रेषेच्या ठसठशीतपणावरून मूलद्रव्यांची खानेसुमारी करू जाल, तर फसाल. सूर्यात हायड्रोजन सर्वाधिक. पण त्याच्या दृश्य रेषा दुसऱ्या पायरीवरील अणूंपासून उमटतात, आणि तेथवर चढलेला अणू कोट्यवधींत एखादाच. उलट, अत्यल्प असलेल्या कॅल्शियमचे बहुतेक अणू एक इलेक्ट्रॉन गमावून नेमक्या सोयीच्या पायरीवर उभे असतात, म्हणून त्याच्या जांभळ्या टोकाकडील दोन रेषा सर्वांत रुंद. कोणत्या तापमानाला किती अणू कोणत्या अवस्थेत असतात, हा हिशेब मेघनाद साहांनी १९२० साली मांडला, तेव्हा कुठे या दप्तराची लिपी लागली.

सूर्याच्या बाहेरच्या आवरणात, म्हणजे प्रभामंडलात, प्रकार उलटा. तेथील विरळ वायूमागे, आकाशाच्या काळोखावर, रेषा तेजस्वी दिसतात. १८६९ च्या खग्रास ग्रहणात आढळलेली ती हिरवी रेषा कोणत्याच ज्ञात द्रव्याशी जुळेना, म्हणून ‘कोरोनियम’ नावाचे नवे मूलद्रव्य कल्पिले गेले. पुढे स्वीडिश शास्त्रज्ञ एडलेनने दाखविले, की ती लोखंडाचीच, पण २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची. त्यासाठी सुमारे वीस लाख अंशांची उष्णता लागते. दीप्तिगोल सहा हजारांच्या घरात असता त्यावरील विरळ आवरण एवढे कसे तापते, याचाच तपास ती दुर्बीण, बिंबाचा लखलखाट आतल्या आत बाजूस काढून, करीत आहे.