क्रियापदांची घरं – लेखांक ९ : दुकान धावतं की चालतं?

दहावीच्या एका विद्यार्थ्याने वडिलांच्या किराणा दुकानावर इंग्रजीत निबंध लिहिला होता. त्यात एक वाक्य होतं : ‘अवर शॉप वॉक्स व्हेरी वेल.’ मी लाल शाईने ‘वॉक्स’ खोडून वर ‘रन्स’ लिहिलं. वही हातात घेऊन तो म्हणाला, “पण सर, दुकान चालतं ना? धावतं कुठे?” तास संपत आला होता. ‘इंग्रजीत असंच म्हणतात’ एवढं सांगून मी पुढे गेलो. ते उत्तर नव्हतं, आणि ते मला आजही सलतं. त्या मुलाचं मराठी अगदी बरोबर होतं. त्याला जे सांगायला हवं होतं, ते आज लिहितो आहे.

ऑक्सफर्डच्या बृहद् इंग्रजी कोशात सर्वांत मोठी नोंद पूर्वी ‘सेट’ या क्रियापदाची असे. पुढे ‘रन’ने त्याला मागे टाकलं. नव्या आवृत्तीसाठी पीटर गिलिव्हर या संपादकांनी ही एक नोंद तयार करायला नऊ महिने घेतले आणि नुसत्या क्रियापदाचे 645 अर्थ मांडले. ते पाठ करायला बसू नका. ते फुटले कुठून, हे पाहिलं की बरेचसे आपोआप उलगडतात.

जुन्या इंग्रजीत दोन सख्खी क्रियापदं होती. एकाचा अर्थ धावणं आणि वाहणं असा दोन्ही, तर दुसऱ्याचा पळवणं, म्हणजे घोडा वगैरे दौडवणं. काळाच्या ओघात दोन्ही मिसळून आजचं ‘रन’ झालं. इंग्रजीची बहीण असलेल्या जर्मनने मात्र आजही दोन शब्द वेगळे ठेवले आहेत : पाणी ओघळतं त्याला ‘रिनेन’, माणूस पळतो त्याला ‘रेनेन’. म्हणजे ‘माय नोज इज रनिंग’ म्हणताना इंग्रज माणूस नाकाला पाय फोडत नाही. वाहणं हा ‘रन’चा जन्मापासूनचा अर्थ आहे. नळ वाहतो, शाई फुटते, नव्या खणाचा लाल रंग शेजारच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरतो, या सगळ्याला ‘रन’ चालतं.

‘चालतं’ असं आत्ता मी सहज लिहून गेलो. आपल्याकडे हा भार ‘चालणे’ उचलतं. घड्याळ चालतं, पंखा चालतो, नाटक चालतं, खटला चालतो, डोकं चालतं. इंग्रजी यातल्या बहुतेकांना पळवते. एकदा सुरू झालेली गोष्ट न थांबता आपल्या वाटेने पुढे जात राहते, हे चित्र दोन्हीकडे एकच आहे. फक्त त्यांनी ते वाहत्या पाण्यावरून घेतलं, आपण चालत्या पावलांवरून. फ्रेंच लोकही यंत्र चालू आहे हे सांगताना चालण्याचंच क्रियापद, ‘मार्शे’, वापरतात. तेव्हा आपला तो विद्यार्थी एकटा नाही.

खरी अडचण पुढे येते. दुकान ‘चालतं’ आणि वडील ते ‘चालवतात’, हा फरक मराठी क्रियापदाच्या रूपातच दाखवते. इंग्रजीत दोन्हीकडे ‘रन’च. मूळ जोडी एकत्र मिसळल्याचा हा परिणाम. म्हणून ‘द शॉप रन्स वेल’ आणि ‘माय फादर रन्स अ शॉप’ या दोन वाक्यांत कोण काय करतंय, हे शब्दांच्या जागेवरूनच ओळखायचं.

कधी कधी आपणही धावतो. शिवणातला धावदोरा म्हणजे त्यांचा ‘रनिंग स्टिच’ : सुई एकाच दिशेने, कुठेही न अडखळता पुढे. ओट्याचा भाव ‘रनिंग फुटाने’ सांगतात, तेव्हा रुंदी धरायची नाही, नुसती सलग लांबी मोजायची. जुनी मोटरसायकल घेताना आपण ‘रनिंग किती झालंय?’ असं विचारतो. सामन्याचं ‘धावतं वर्णन’ रेडिओमुळे घरोघरी पोचलं. आणि लोकल कुर्ल्याला अर्धा तास उभी असली, तरी बातमीत ‘गाड्या उशिराने धावत आहेत’ असंच येतं. निवडणुकीला मात्र आपला उमेदवार उभा राहतो. ब्रिटनमध्येही तो ‘स्टँड’ करतो, अमेरिकेत ‘रन’.

मुलांना सर्वांत जास्त चकवतं ते ‘रन आउट’. घरात दूध संपलं की मराठीत वाक्याचा कर्ता दूध असतो. इंग्रजीत बहुधा माणसं कर्ता होतात : ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क.’ इथे वाळूचं घड्याळ डोळ्यांसमोर आणा. वाळू वाहत वाहत खाली जाते आणि वरचं भांडं रिकामं होतं. वेळ संपत आली की ‘टाइम इज रनिंग आउट’ म्हणतात, त्यातही हेच चित्र आहे. क्रिकेटमधल्या ‘रन आउट’चा मात्र याच्याशी काही संबंध नाही. तिथे ‘रन’ म्हणजे धाव आणि ‘आउट’ म्हणजे बाद, म्हणून आपला ‘धावबाद’ हा शब्द त्या जागी नेमका बसतो.

पुढच्या आठवड्यात ‘टेक’. तोवर दिवसभर तुमच्या तोंडी येणारं प्रत्येक ‘चालतं’ वहीत टिपून ठेवा, आणि त्यातलं कुठलं इंग्रजीत धावत नाही, ते शोधा. एक मी देतो : पाहुण्यांना चहा विचारल्यावर ते म्हणतात, “चालेल.”