आठवा महिना लागला की पिशवी भरा



वस्तीत गरोदर बाईच्या घरी गेलो की आम्ही आधी विचारतो, "दवाखान्याची पिशवी भरली का?" बऱ्याच घरांतून उत्तर येतं, "लेकरू यायच्या आधी त्याचे कपडे काढू नयेत, अपशकुन असतो." १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. नवस सोडले, मुहूर्त सोडले, हा अपशकुन मात्र घरात राहिला. त्यापायी रात्री कळा सुरू झाल्या की कागद सापडत नाहीत आणि ओल्या बाळाला गुंडाळायला स्वच्छ कापड नसतं. अनेक बाळं तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी येतात. म्हणून आठव्या महिन्यातच पिशवी भरून खिळ्याला अडकवा. ती कुठे आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं.

आधी कागद. प्लास्टिकच्या पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड, रक्ताचे व सोनोग्राफीचे रिपोर्ट, आधार कार्ड, रेशन कार्ड, जातीचा दाखला, बाईच्या स्वतःच्या नावाचं बँक पासबुक आणि सगळ्यांच्या झेरॉक्स ठेवा. रात्रपाळीच्या डॉक्टरने तिला कधी पाहिलेलं नसतं. रक्तगट, हिमोग्लोबिन, बीपी हे सारं त्यांना कार्डावरूनच कळतं.

आईसाठी पुढून उघडणारे दोन-तीन गाऊन, चड्ड्या, मोठे पॅड, टॉवेल, साबण, चपला, ताट-वाटी, पाण्याची बाटली, मोबाईलचा चार्जर. दागिने घरीच ठेवा.

बाळासाठी नवीन काही आणायची गरज नाही. जुन्या सुती साडीची पाच-सहा दुपटी, झबली, लंगोट, टोपी, मोजे पुरेत. सगळं साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. मध, गुटी, साखरपाणी, काजळ, दुधाची बाटली पिशवीत नको. पहिल्या तासातच बाळाला छातीशी लावा. पिवळसर चीक पिळून फेकू नका, बाळाचं आजारांपासून रक्षण तोच करतो.

पिशवीबरोबर हक्कही न्या. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. त्यात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या आणि रक्त मोफत आहे. साध्या बाळंतपणात तीन दिवस, सिझेरियनमध्ये सात दिवसांपर्यंत जेवण मिळतं. न्यायला आणि घरी सोडायला गाडीही मोफत. जननी सुरक्षा योजनेत अनुसूचित जातीच्या बाईला शहरात ६०० रुपये, खेड्यात ७०० रुपये मिळतात. दाखला आणि पासबुक त्यासाठीच. कुणी "मुलगा झाला, पेढ्याचे काढा" म्हणून हात पसरला तर देऊ नका. वस्तीवरून अपमानाचं बोललं तर नाव आणि वेळ लिहून ठेवा, लेखी तक्रार करू.

गाडीचं आधी ठरवा. आपल्या बोळात १०८ ची गाडी शिरत नाही. ती कुठे थांबेल, विहाराजवळ की नाक्यावर, आणि बाईला तिथवर कोण नेईल, हे आजच ठरवा. रक्त देऊ शकतील अशा दोघांचे फोन नंबर कार्डाला लावून ठेवा.

अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, झटका आला किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर पिशवीसाठी थांबू नका. बाईला घेऊन निघा, पिशवी मागून येईल.

१९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार बायांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं त्यांनी तिथे मांडलं. बाळंतपण हे एकट्या बाईचं काम नाही, हे त्यातून आम्ही घेतो. म्हणून ही पिशवी नवऱ्यानेही भरावी, सासूनेही भरावी.

येत्या रविवारी विहारात वंदनेला येताना जुन्या सुती साड्या घेऊन या. ज्या घरी दिवस भरत आलेत, त्यांची दुपटी तिथेच बसून शिवू.