तुरटीच्या खड्यातील भूमिती

चेन्नई शहरात हिंडताना अनेक घरांच्या व दुकानांच्या दारावर दोऱ्याने बांधलेला तुरटीचा खडा लोंबताना दिसतो. दृष्ट लागू नये म्हणून तो टांगण्याची तिकडे रीत आहे. महाराष्ट्रात हाच खडा गढूळ पाण्यात फिरवतात, किंवा दाढी झाल्यावर गालावरून ओढतात. हिंदीतील फिटकरी आणि तमिळमधील पडिकारम् या तुरटीच्या दोन्ही नावांत ‘स्फटिक’ हाच शब्द दडलेला आहे. परंतु बाजारचा खडा पाहून स्फटिकाची कल्पना येत नाही. तो मोठ्या ढेपेचा फोडलेला तुकडा असतो. त्याचे खरे रूप पाहावयाचे तर तो विरघळवून पुन्हा घडवावा लागतो, आणि हे काम दहा-बारा वर्षांच्या मुलामुलींना घरच्या घरी करता येते.

कृती साधी आहे. पेलाभर पाणी तापवून चुलीवरून उतरवावे, त्यात तुरटीची पूड घालून ढवळत राहावे, आणि ती विरघळेनाशी झाली की द्रावण फडक्यातून गाळून झाकून ठेवावे. निवल्यावर, एकदोन दिवसांत, तळाशी चिमुकले खडे जमतात. त्यांतील एक स्वच्छ, नितळ, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा खडा निवडावा. हे झाले बीज. द्रावण पुन्हा गाळून दुसऱ्या स्वच्छ पेल्यात ओतावे, आणि बारीक नायलॉनच्या धाग्याने बांधलेले बीज त्यात मधोमध लोंबते सोडावे. सुती दोरा टाळलेला बरा, कारण त्याच्या सुट्या तंतूंवर नको ते खडे धरतात. तोंडावर धूळ अडवील पण वाफ जाऊ देईल असा कागद बांधला की उरते ते केवळ वाट पाहणे. मोरचुदाचे निळे स्फटिक अधिक मोहक असतात, पण मोरचूद विषारी आहे. लहान मुलांच्या हाती तुरटीच द्यावी, आणि तिचे भांडेही खाण्यापिण्यासाठी पुन्हा वापरू नये.

आता या खेळातील शास्त्र पाहावे. ठराविक उष्णतेच्या पाण्यात एखादा पदार्थ ठराविक मर्यादेपर्यंतच विरघळतो. वीस अंश सेल्सियसच्या शंभर ग्रॅम पाण्यात तुरटी १४ ग्रॅमच्या आतबाहेर विरघळते, तर पन्नास अंशांवर तिचे प्रमाण दुपटीहून अधिक होते. म्हणून ऊन द्रावण निवू लागले की जास्तीची तुरटी बाहेर पडते. तिला बीजाचा आधार मिळाला तर ती थराथराने त्यावर बसते, आणि द्रावण घाईने निवले तर असंख्य कणांत विखुरते. मिठाची रीत निराळी. ते वीस अंशांवर सुमारे ३६ ग्रॅम विरघळते आणि पाणी तापवले तरी त्यात फारसा फरक पडत नाही. मीठ मिळवावयाचे तर पाणीच उडवावे लागते. चेन्नईच्या दक्षिणेस मरक्काणम येथील मिठागरांत आणि आपल्याकडे उरण-पेणच्या मिठागरांत सूर्य हेच काम करतो.

चेन्नईतील मुलाला मात्र या प्रयोगात एक अडचण हमखास येते. तेथे थंडी अशी नाहीच, आणि उन्हाळ्यात दिवसाचा पारा चाळिशीकडे झुकतो. रात्रीच्या गारव्यात वाढलेला खडा दुपारच्या तापात पुन्हा विरघळू लागतो, आणि कधीकधी सायंकाळी रिकामा धागाच हाती येतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मान्सूनच्या काळात हवा इतकी दमट असते की द्रावणातील पाणी जवळजवळ उडतच नाही. यावर उपाय दोन. जानेवारी-फेब्रुवारीचे कोरडे, सौम्य दिवस निवडावे. आणि पेला पाण्याने भरलेल्या मोठ्या पातेल्यात उभा करावा. भोवतीचे पाणी सावकाश तापते व सावकाश निवते, त्यामुळे आतल्या द्रावणाला दिवसरात्रीचे हेलकावे कमी बसतात.

खडा वाढतो आहे की झिजतो आहे, हे ओळखण्याचीही खूण आहे. पेला प्रकाशासमोर धरून बारकाईने पाहावे. खड्यापासून पाण्यात अस्पष्ट रेषा खाली उतरताना दिसल्या, तर तो विरघळत आहे, कारण त्याच्या लगतचे द्रावण जड होऊन बुडत असते. रेषा वर चढत असतील तर खड्याने आपला वाटा काढून घेतल्याने हलके झालेले द्रावण वर जात आहे, म्हणजेच खडा वाढत आहे.

दोनतीन आठवड्यांनी हाती येतो तो आठ त्रिकोणी पैलूंचा स्फटिक. मग एक पुठ्ठा घ्यावा आणि त्यात सुमारे साडेएकशे नऊ अंशांची खाच कापावी. शेजारच्या दोन पैलूंवर ती खाच आडवी टेकवली की चपखल बसते. दुसरा खडा लहान असो, एका बाजूने चेपलेला असो, त्यालाही तीच खाच बसते. आकार बदलतो, पैलूंमधील कोन बदलत नाही. गारेच्या स्फटिकांविषयी हे निरीक्षण निकोलस स्टेनो यांनी १६६९ साली मांडले होते. आत काहीतरी नियमाने रचलेले आहे, हा संशय तेव्हापासून बळावत गेला. १९१२ साली माक्स फोन लाउए यांच्या कल्पनेप्रमाणे त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मोरचुदाच्या स्फटिकातून क्ष-किरण सोडले, आणि छायाचित्राच्या काचेवर उमटलेल्या ठिपक्यांनी अणूंच्या रांगांची साक्ष दिली.

याच विद्येचे एक मोठे पीठ पुढे चेन्नईत उभे राहिले. १९५२ साली जी. एन. रामचंद्रन मद्रास विद्यापीठात आले. १९५४ साली त्यांनी गोपीनाथ कर्ता यांच्यासह कातडी व स्नायुबंध यांतील कोलाजेन या प्रथिनाची तिपेडी रचना क्ष-किरणांच्या आधारे सुचवली. त्याच शहरात, आज अण्णा विद्यापीठाचा भाग असलेले स्फटिकवर्धन केंद्र १९८२ साली सुरू झाले. तेथील पी. रामसामी यांनी के. शंकरनारायणन यांच्यासह २००५ साली एक पद्धत प्रसिद्ध केली. तीत काचेच्या उभ्या नळीच्या तळाशी बीज बसवतात, वरचे टोक किंचित उष्ण ठेवतात, आणि स्फटिक एकाच ठरलेल्या दिशेने वर चढत जातो. अशा संशोधनात द्रावणाची उष्णता अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत स्थिर राखणारी पात्रे वापरतात. पाण्याने भरलेल्या घरगुती पातेल्याचेच हे सुधारलेले रूप होय.

आज रंगीत पेट्यांतून एका रात्रीत स्फटिक उगवून दाखवणारी खेळणी मिळतात. त्यांत दिसतो तो बहुधा बारीक कणांचा झुबका. पैलू मोजावा असा एकही खडा नसतो. तुरटीच्या स्फटिकाला घाई चालत नाही, आणि झालेली घाई तो लपवतही नाही. जेथे द्रावण एकाएकी निवले तेथे तो गढूळ होतो, जेथे पेला हलला तेथे त्याच्या अंगावर दुसरे खडे चिकटतात. मुलाला कोणी दोष दाखवून द्यावा लागत नाही. खडा पाहून ते स्वतःच कारण शोधते, द्रावण पुन्हा गाळते आणि नवे बीज बांधते.